अध्यक्षांचा चेहरा धुताना

केबिन रोडवरच्या बिल्डिंगीत तळमजल्याला हरिश्चंद्र पाटकरांची डार्करूम. पस्तीस वर्षांत त्यांचा एकही फोटो पिवळा पडला नव्हता. लग्नं मोडली, फोटो मात्र जसेच्या तसे. तेवढ्यासाठीच सोसायटीचे अध्यक्ष गुणवंतराव म्हणाले, "ऑफिसात लावायला माझा ब्लॅक अँड व्हाइट काढ. शंभर वर्षं टिकायला पाहिजे."

काढला. आता धुवायचा कसा? कागदाच्या तंतूतंतूत हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, मुरलेला. तो वाहत्या पाण्यानं निघाला नाही, की कालांतराने चेहऱ्याला कावीळ. हायपो लवकर सुटावा म्हणून सल्फाइटच्या पाण्यात बुडवून घेतला, तरी वीस-पंचवीस मिनिटं नळ हवाच. आणि नळ सुटायचा दिवसाला दहा मिनिटं, गुणवंतरावांच्याच हुकमाने. टाकीत म्हणे पाणीच नाही.

"दहा मिनिटांत माझी अंघोळ होते, फोटोची होत नाय?"

"साहेब, तुमच्या अंगात हायपो मुरलेला नाही."

"दुसरंच काय काय मुरलंय," आतून उर्मिला, पाटकरांची बायको, पुटपुटली.

फोटोचं अनावरण त्याच संध्याकाळी. गुणवंतरावांनी वॉचमन दशरथला बाजूला घेतलं, "अर्धा तास सोड. गुपचूप."

पण पाइप सगळ्यांना एकच! नळ खळखळले आणि चार मजले उठले. कुणी गोधड्या भिजवल्या, कुणी गॅलरी धुतली. तिसऱ्या मजल्यावरच्या सुलूवहिनींनी तर नवऱ्यालाच टबात बसवलं. गुणवंतराव धावले, "बंद कर रे!"

बाराच मिनिटं झाली होती. पाटकरांनी तपासायला फोटोच्या कडेला सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. दोन मिनिटांत तपकिरी डाग.

"हायपो आहे अजून. असा फोटो मी देत नाही."

"चालेल रे, कोण बघतोय!"

"दोन-चार वर्षांनी सगळे बघतील, साहेब. माझं नाव जाईल आणि तुमचं नाक पिवळं होईल."

एव्हाना दारात बिल्डिंग जमली होती. सुलूवहिनी कळवळून म्हणाल्या, "नको हो! पिवळे अध्यक्ष शोभतात का?"

गुणवंतरावांनी वर टाकीकडे पाहिलं, मग ट्रेमधल्या स्वतःच्या नाकाकडे. नाक जिंकलं.

"सोड रे, दशरथ."

पाणी अर्धा तास धो धो वाहिलं. पाटकरांनी दुसरा थेंब टाकला आणि दोन मिनिटं घड्याळ पाहिलं. डाग नाही! आता कुठे त्यांनी फोटो वाळत घातला.

संध्याकाळी टाळ्यांत फोटो लागला. लगेच सुलूवहिनींनी ठराव मांडला : कमिटीत अकरा जण, तर दर रविवारी एकेकाचा फोटो, असाच अर्धा तास नीट धुऊन. गुणवंतराव नको म्हणायला उठले, पण बाकीचे दहा तोवर केस विंचरायला लागले होते.