माझं पोट भरलं तेव्हा

मित्रांनो, आधी नाक धरा, मग जवळ या. मी एक जुना पिवळा कॅन आहे. माझ्या पोटात साबणाचे पाणी आहे आणि त्यात मेलेले किडे तरंगत आहेत. शी!

मी जन्मापासून असा घाणेरडा नव्हतो. आधी माझ्यात खायचे तेल होते. ते संपल्यावर तेसो भागातल्या या खेड्यात आसेकेन्ये नावाची शेतकरीण मला हापशावर नेऊ लागली. कितीतरी वर्षे मी तिच्या घरचे पाणी वाहिले. मग माझी मूठ तुटली, तोंड फुटले. त्याच सुमारास तिने गावच्या बैठकीत कामगंध सापळ्याची माहिती ऐकली. तिने माझ्या दोन्ही कुशी कापून खिडक्या केल्या, तळाला साबणाचे पाणी ओतले, आत मादीच्या वासाची रबरी गोळी टांगली आणि मला रताळ्याच्या शेतात खांबाला लटकवले. वासाला भुलून नर किडे यायचे आणि बुडून मरायचे. पाण्याच्या कॅनचे असे गटार झाले.

हा किडा म्हणजे सोंड्या भुंगा. दिसायला मुंगीएवढा, पण किळसवाणा. त्याची मादी मातीच्या भेगेतून खाली उतरते आणि रताळ्यात अंडी घालते. अळ्या आतून रताळे पोखरतात आणि जिथे खातात तिथेच हगतात. असे रताळे इतके कडू होते, की डुक्करही तोंड फिरवते.

इकडे रताळी एकदम काढत नाहीत. बायका रोज काठीने उकरून चुलीपुरती काढतात, बाकीची मातीतच राहू देतात. उन्हाळा तोंडावर आला, की उरलेली सगळी काढायची, काप करून वाळवायची. त्याला अमुकेके म्हणतात. पाऊस येईपर्यंत घर त्यावरच जगते. आसेकेन्येच्या सासूला, म्हाताऱ्या आपोलोतला, दात नव्हते. शिजवलेले मऊ अमुकेके आणि शेंगदाण्याचा कूट, एवढेच तिला खाता यायचे.

मी भराभर भरू लागलो. शेजारची अमोडिंग मुद्दाम बघायला आली.

"काय गं, भरला की काठोकाठ! तुझ्या शेतात आता औषधालासुद्धा किडा उरायचा नाही."

"मग! माझा कॅन आहे तो," आसेकेन्ये म्हणाली.

त्या कौतुकाने सगळा घात केला. काठीने उकरलेली भोके ती पूर्वी पायाने बुजवायची, वेल लावलेल्या मातीच्या उंचवट्यांना तडे गेले, की भर लावायची. आता तिने ते सोडून दिले. "कशाला कंबर मोडून घेऊ? कॅन आहे की." त्याहून ओंगळ गोष्ट म्हणजे किडकी रताळी पुरायची सोडून ती माझ्याच पायाशी फेकू लागली. "खा बाबा, तुझंच आहे," असे वर म्हणायची. मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. त्या सडक्या ढिगातून रोज नवे किडे निघत. नर माझ्यात पडत, माद्या मात्र सरळ भेगांत शिरत. मी आणखी भरायचो, माझे आणखी कौतुक व्हायचे.

उन्हाळ्याआधी उंचवटे फोडले आणि घाणीचा भपका आला. रताळ्यामागून रताळे काळे, भोकाभोकांचे, आत वळवळणारे. आसेकेन्येने एक कापले आणि तोंडाला पदर लावला. आपोलोत काठी टेकत आली. तिने माझ्या पायाशी सडलेला ढीग पाहिला, मग मला पाहिले.

"अगं सूनबाई, तू किडे मारत नव्हतीस. पाळत होतीस."

वाळवायला टोपलीभरही काप निघाले नाहीत. कसाव्याच्या कंदाचा घाटा कसाबसा पोरांपुरताच व्हायचा. आपोलोत मात्र गाठोडे बांधून लेकीच्या गावी गेली. म्हाताऱ्या सासूला उपाशीपोटी लेकीच्या दारी जावे लागले, हे आसेकेन्येला फार लागले. बांधाशी उभी राहून ती रडली आणि वर लटकलेल्या मला माझ्याच भरलेल्या पोटाची शिसारी येत राहिली.

पाऊस आला. तिने तो ढीग खोल खड्ड्यात पुरला. जुने शेत सोडून लांबच्या तुकड्यात वेलांचे कोवळे शेंडे लावले. रताळे काढले, की भोक बुजवायचे. भेग दिसली, की माती ओढायची. मीही नव्या शेतात आलो.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर काप वाळत पडले तेव्हा आपोलोत परतली. तिने मला काठीने हलवून पाहिले.

"अगं, यात तर काहीच नाही."

"असू दे, आत्या. रिकामाच बरा."

आता मला बघायला कोणी येत नाही. मित्रांनो, तुम्हीही माझ्यासारख्याचे भरलेले पोट पाहून खूश होऊ नका. खाली वाका, भेग बुजवा, कुजके पुरून टाका. माझ्या पोटात आता चार-दोन किडे असतात आणि आपोलोतच्या पोटात अमुकेके.