सलिलचा जुना फोन

सलिलनं स्कूटरची किल्ली काढून घेतली त्याला तीन आठवडे झाले होते, आणि तीन आठवडे श्यामसुंदरराव मुलावर धुमसत होते. चाळीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलेला माणूस. रोज पहाटे सदाशिव पेठेतून पर्वतीच्या पायथ्याशी स्कूटरवर जाणारा. त्याला मुलगा म्हणतो, "बाबा, तुमचे रिफ्लेक्सेस स्लो झालेत. उद्या कुणाला तरी उडवाल."

पुरावा काय, तर मोबाइल! कपडे मोठ्याकडून धाकट्याकडे जातात, फोन तेवढे उलटे, मुलांकडून आईबापांकडे येतात. पाडव्याला सलिलनं स्वतःला नवा फोन घेतला आणि जुना मोठ्या थाटात वडिलांना दिला. तेव्हापासून श्यामसुंदरराव अक्षर दाबत, ते उमटत नसे. पुन्हा दाबत, मग दोन्ही एकदम उमटत. ओटीपी टाकेपर्यंत त्याची मुदत संपे. सलिलनं हे चार वेळा पाहिलं आणि निदान करून मोकळा झाला. संताप याचा, की श्यामसुंदररावांनाही ते पटत चाललं होतं. रस्ता ओलांडताना ते थबकू लागले होते.

शेवटी एका सकाळी त्यांनी कपाटातून शर्यतींचं स्टॉपवॉच काढलं. शाळेतली पोरं खेळत तोच खेळ: चालू करायचं आणि जमेल तितक्या लवकर बंद. अठरा शतांश सेकंद. दहादा करून पाहिलं, आकडा विसाच्या वर गेला नाही. मग त्यांनी त्याच स्टॉपवॉचवर फोनची वेळ मोजली. नुसता कॅमेरा उघडायला अकरा सेकंद! त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

तडक पायी ते नारायण पेठेत रतनच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. रतननं सेटिंग उघडून पाहिलं.

"काका, बॅटरी म्हातारी झाली की कंपनीच फोन हळू करते. अपडेटमधून. मध्येच बंद पडू नये म्हणून, असं सांगतात."

"ज्याचा फोन त्याला न विचारता?"

"विचारलं तर लोक बॅटरी बदलतील. मग नवा फोन कोण घेणार?"

"चोर लेकाचे!" श्यामसुंदरराव म्हणाले. रतननं नवी बॅटरी बसवली. कॅमेरा दोन सेकंदांच्या आत उघडला.

तिथून ते बसनं थेट कोथरूडला मुलाच्या घरी गेले. सलिलनं दार उघडलं. "बाबा, एकटे कशाला आलात?"

त्यांनी फोन त्याच्या हातात ठेवला. सलिलनं इकडेतिकडे बोट फिरवून पाहिलं.

"अरे वा, पळतोय की! माझ्याकडे पार स्लो झाला होता हो. वैताग आला होता, म्हणून तर नवा घेतला."

बोलून झाल्यावर त्यानं जीभ चावली.

"तुझ्या हातात होता तोवर फोन मंद होता," श्यामसुंदरराव म्हणाले. "माझ्या हातात आला आणि मी मंद झालो. त्या कंपनीवाल्या चोरांनी निदान बॅटरी तरी तपासली होती. आण किल्ली."