दोन खुर्च्यांची रांग

डोळे मिटा, बाळांनो, आणि मिटल्या पापण्यांआड आधी एक पिवळा रंग येऊ द्या.

हळदीचा नव्हे, झेंडूचा नव्हे. बहाव्याचा. चैत्राच्या उन्हात झाडाझाडावरून झुंबरासारखा लोंबणारा, वाऱ्याच्या एका झुळकीने सांडणारा, सांडूनही न सरणारा पिवळा.

आला? आता त्या पिवळ्याखाली पाणी ओता. संथ, मातकट-हिरवे, नारळीच्या सावल्यांनी रेघारेघांचे झालेले पाणी. ही नदी नव्हे आणि तळेही नव्हे. हा माणसांनी खणलेला कालवा. तिकडे त्याला ख्लोंग म्हणतात. तिकडे, म्हणजे दूर थायलंडात, समुद्राचा खारा वास जिथवर पोचतो तिथे, बान माफ्राव नावाच्या वस्तीत.

आता त्या पाण्याकाठी खांबांवर उभे असलेले एक लाकडी घर बांधा. त्याच्या पायऱ्या पाण्यात उतरू द्या. आणि शेवटच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून, एक शुभ्रकेशा म्हातारी बसवा. लुगड्याचा काठ ओलावू नये म्हणून तिने तो वर खोचला आहे.

ती आपली आहे. की तिकडची आहे? थांबा. तेच तर तिला कळेनासे झाले होते.

*

तिचे नाव विमल टिपणीस. लग्नानंतर नवऱ्याचे बोट धरून ती या पाण्याच्या देशात आली. नवरा कापडगिरणीत मागांवर देखरेख करी. पुढे गिरणी मिटली. पुढे नवराही मिटला, दिवेलागणीला कमळ मिटावे तसा, आवाज न करता. विमलबाई मात्र राहिल्या.

का राहिल्या? कुणी विचारले तर त्या सुईत दोरा ओवू लागत. त्या देशात शाळेच्या सदऱ्यावर प्रत्येक मुलाचे नाव निळ्या दोऱ्याने भरलेले असते. वस्तीतल्या मुलांची नावे विमलबाई भरत. ज्यांची नावे भरली, ती मुले मोठी झाली, शहरात गेली, मग त्यांच्या मुलांचे सदरे येऊ लागले. दोरा निळाच होता. बोटे तीच होती. फक्त सुईचे नेढे दरवर्षी बारीक होत चालले होते.

थाई जिभेवर शब्दाच्या टोकाचा 'ल' टिकत नाही, त्याचा 'न' होतो. म्हणून विमलची तिथे विमोन झाली. मिरजेचा भाचा फोनवर 'आत्या' म्हणे, शेजारीण 'नोंग विमोन' म्हणे. नोंग म्हणजे धाकटी बहीण. आणि दोन्ही हाका ऐकताना बाईंना वाटे, आपण उंबरठ्यावर उभ्या आहोत. पण आत कुठले आणि बाहेर कुठले?

मिरजेला गेल्या की लोक विचारत, "परत घरी कधी जाणार?"

बान माफ्रावला परतल्या की लोक विचारत, "घरी कधी जाणार?"

*

आणि घरे तरी कुठे जागच्या जागी राहिली होती!

पूर्वी या वस्तीतली सगळी घरे पाण्याकडे तोंड करून बसलेली असत, जशी मुले गोष्ट सांगणाऱ्याकडे तोंड करून बसतात. पाण्यावरून भाजी येई, पाण्यावरून भिक्षू येई, पाण्यावरून वरात येई. मग मागच्या बाजूने रस्ता आला. काळा, तापलेला, घाईघाईचा. आणि एकेक घर वळले. जिथे परसू होते तिथे दरवाजा झाला, जिथे दरवाजा होता तिथे कपडे वाळू लागले. पाणी पाठीमागे पडले.

विमलबाईंचे घर तेवढे वळले नाही. निष्ठेने नव्हे हो. वळायचे कुणीकडे, तेच ठरेना.

*

आता ऐका, एका दुपारी काय झाले ते.

शेजारीण सामली आली. वयाने थोरली, म्हणून विमलबाई तिला 'फी' म्हणत, म्हणजे ताई. एके काळी ती होडीतून नारळाची मिठाई विकत फिरे. आता होडी उलटी पडली होती आणि तिच्या पोटाखाली कोंबड्या अंडी घालत होत्या. सामलीचा आवाज मात्र अजूनही पलीकडच्या काठावरच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असाच होता.

"यंदा तू माझ्या शेजारी बसायचंस," ती म्हणाली.

"कुठे?"

"नारळीवर! कुठे म्हणजे? खुर्चीवर. म्हाताऱ्यांच्या रांगेत."

तिकडे एप्रिलमध्ये सोंगक्रान येतो. सोंगक्रान म्हणजे आपली संक्रांतच. आपण ती तिळगूळ देऊन थंडीत करतो, ते पाणी घालून उन्हाळ्यात करतात. सूर्य एकच; पण कुणाच्या दारी कधी जायचे हे तो कसे लक्षात ठेवतो, कोण जाणे! त्या सणाला वस्तीतली वृद्ध माणसे काठावरच्या चारखांबी मंडपात ओळीने बसतात. धाकटी माणसे गुडघे टेकून त्यांच्या हातांवर फुलांचे पाणी ओततात. वृद्ध आशीर्वाद देतात. विमलबाईही दरवर्षी पाणी ओतत आल्या होत्या. सगळ्यांच्या शेवटी उभ्या राहून, सगळ्यांपेक्षा खाली वाकून.

"मी?" त्या म्हणाल्या. "फी, मी तर नोंग आहे."

"आरशात बघितलं नाहीस वाटतं बरेच दिवस."

"पण मी इथली कुठे—"

"एका खुर्चीची रांग होत नाही गं, नोंग." सामलीचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "बाकीचे काही वर गेले, काही मुलांकडे शहरात गेले. मी एकटी बसले तर लोकांना वाटेल, म्हातारी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलीय."

आणि हसता हसता तिने खरी गोष्ट सांगितली. रस्त्यावर कॉफीचे दुकान काढलेले खुन थानात हे यंदा वस्तीच्या मंडळाचे प्रमुख होते. खुन म्हणजे श्रीयुत. बँकॉकहून आलेला, नीटनेटका, नमस्कार करताना नीट वाकणारा माणूस. वाईट मुळीच नव्हे. तो म्हणाला होता, काठावर आता वृद्ध राहिलेतच कोण? रांग भरली तर ठीक. नाही तर पुढच्या वर्षापासून सण रस्त्यावर नेऊ, गाणी लावू, फेसाच्या तोफा आणू. आणि मंडप काढून तिथे गाड्या उभ्या करू.

म्हणजे बघा, बाळांनो, एका रिकाम्या खुर्चीवर केवढे ओझे! त्या खुर्चीत विमलबाई बसल्या तर पाण्याकडे वस्तीचे तोंड वर्षातून एकदा तरी वळणार. नाही बसल्या, तर नाही.

पण बसायचे कुणी म्हणून? पाहुणी म्हणून? आजी म्हणून? दुसऱ्याच्या देवळातल्या घंटेला हात लावावा की नाही, अशा संभ्रमात त्या कितीतरी वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या. पाण्यात बहाव्याच्या पाकळ्या काही वर चालल्या होत्या, काही खाली. भरती सरून ओहोटी लागायची वेळ होती. पाण्यालाही आपली दिशा ठरवता येत नव्हती.

*

सामलीने चार शब्द शिकवले. आशीर्वादाचे शब्द. आयु, वन्ना, सुखा, फला.

विमलबाई चमकल्या. आयु, वर्ण, सुख, बल! हे तर लहानपणी कानावरून गेलेले शब्द. अंगावर परका सदरा घातलेला आपलाच भाऊ गर्दीत भेटावा, तसे ते शब्द समोर उभे राहिले. ओळखीचे, आणि अनोळखी. जवळचे, आणि लांबचे.

"म्हण," सामली म्हणाली.

"आयु, वर्ण—"

"वन्ना. असं भांडल्यासारखं काय म्हणतेस! आशीर्वाद आहे तो, शिव्या नाहीत."

सणाच्या सकाळी बाईंनी इरकल काढली, परत ठेवली. थाई रेशमी वस्त्र काढले, परत ठेवले. शेवटी इरकल नेसल्या आणि वरून सामलीने दिलेला फुलाफुलांचा सदरा घातला. आरशात अर्धी मिरज होती आणि अर्धे बान माफ्राव. दोन्ही अर्धी एकमेकांकडे बघून हसली.

*

मंडपात दोन खुर्च्या. खाली चकचकीत पितळी परात. खांबांना जाईचे गजरे. कालव्यावरून परावर्तित झालेले ऊन छताच्या फळ्यांवर थरथरत होते, जणू छतालाच पाण्याचे स्वप्न पडले होते.

लोक आले होते. थोडे जुने, पुष्कळसे नवे. नव्यांच्या हातात फोन होते. त्यांना सण पाहायचा होता. पण कसा पाहायचा हे ठाऊक नव्हते, म्हणून ते फोनमधून पाहत होते.

सगळ्यांत पुढे खुन थानात यांची लेक होती. खाइमुक तिचे नाव, म्हणजे मोती. पुढचे दोन दात पडलेले. हातात चांदीची वाटी, वाटीत रांजणातले पावसाचे पाणी, पाण्यात जाईची फुले. तिने हा विधी कधी केला नव्हता, कधी पाहिलाही नव्हता. सांडू नये म्हणून ती श्वास रोखून चालत होती.

आधी ती सामलीपुढे बसली. सामलीने ओंजळ पुढे केली. पाणी बोटांवरून ओघळले, परातीत टपटपले. सामलीने ओल्या हाताने मुलीच्या केसांवर हलकेच पाणी शिंपडले आणि आशीर्वाद असा गुणगुणली, जसे पाण्यावरून वल्हे जाते.

मग ती विमलबाईंपुढे बसली.

दोन मोठे, काळेभोर, प्रश्नार्थक डोळे वर पाहत होते. विमलबाईंनी ओंजळ पुढे केली. या मुलीला मी आजी वाटते आहे का? की सदरा चुकलेली कुणी बाई? मागे कुणी हसते आहे का? ते चार शब्द... पहिला कुठला? आयु. मग? मग कुठला?

आणि पाणी आले.

गार, सुगंधी, फुलांचे पाणी. देवघराच्या वासाचे पाणी. तळहातावर पडले मात्र, आणि तळहाताला सारे आठवले. डोक्याला विचारायला तो थांबला नाही. तुम्हाला ठाऊकच आहे ना, देवळात पुजारी पळीने पाणी देतो तेव्हा तुमचा हात काय करतो? उजवा तळवा आपोआप खोलगट होतो. द्रोणासारखा होतो. ओठांपाशी जातो.

विमलबाई ते पाणी प्यायल्या.

प्यायल्या, आणि ओला हात कपाळावरून, केसांवरून मागे मानेपर्यंत फिरवला. डोळे मिटले. तीर्थ घेतल्यावर मिटतात तसे.

*

मंडपातल्या माना उंचावल्या.

टप. परातीत एक थेंब पडला. टप. दुसरा.

"अय्या, प्यायली ती!" मागून कुणीतरी म्हणाले. कुणीतरी फसकन हसले. दोन फोन उंच झाले.

विमलबाईंनी डोळे उघडले आणि त्यांच्या पायाखालचे लाकूड जणू होडीसारखे हलले. काय केले मी हे? चार शब्द गेले. थाई गेली, मराठीही गेली. जिभेवर फक्त जाईची कडसर चव उरली. खुर्ची एकाएकी फार मोठी झाली आणि त्या तिच्यात फार लहान. त्या उठायला निघाल्या. खुर्चीच्या हातांवर त्यांनी भार दिलासुद्धा.

"बस खाली," सामली पुटपुटली. पण तिचाही आवाज गोंधळला होता. सगळ्या रीती जिला पाठ, त्या सामलीला पुढे काय करायचे ते माहीत नव्हते. असे कधी झालेच नव्हते. पाणी द्यायचे असते, आणि ते सांडायचे असते. प्यायलेल्या पाण्याचे काय करायचे, हे तिला तिच्या आजीने सांगितले नव्हते.

खुन थानात पुढे झाले. चेहऱ्यावर राग नव्हता. सभ्य, अवघडलेली घाई होती. "खाइमुक, इकडे ये, बाळ. आजींना आपली पद्धत माहीत नाही. झालं, झालं. ऊठ."

ऊन छतावर थरथरत होते. बहाव्याची एक पाकळी वाट चुकून मंडपात आली, दोन खुर्च्यांच्या मधोमध जरा थांबली, आणि कुणाच्याच मांडीवर न पडता खाली गेली.

खाइमुक उठली नाही.

ती विमलबाईंकडे बघत होती. त्यांच्या ओल्या कपाळाकडे. ओठांच्या कडेला चिकटलेल्या फुलाकडे. मग तिने मान वळवून परातीत पाहिले. तिथे तिने आधी दिलेले पाणी पडलेले होते, वाया गेलेले, फुलांसकट. तिच्या कपाळावर एक इवलीशी आठी उमटली. काहीतरी चुकले होते, हे तिला दिसत होते. कुणाचे चुकले, हेही तिला आता स्पष्ट दिसले.

गुडघ्यांवरच सरकत ती सामलीपुढे परत आली.

"याय," ती म्हणाली. याय म्हणजे आजी. आवाजात तक्रार नव्हती. लहान भावंडाला समजावतात तशी माया होती. "तुम्ही सगळं सांडलंत."

"अगं, ते तसंच—" सामली सांगू लागली. तिने विमलबाईंकडे पाहिले. विमलबाईंनी तिच्याकडे पाहिले.

"खाइमुक!" वडिलांनी पुन्हा हाक मारली.

पण खाइमुकचे सारे लक्ष आता वाटीत होते. तिने वाटीतले उरलेले पाणी सामलीच्या सुरकुतलेल्या ओंजळीत ओतले. हळू. आणखी हळू. एक थेंबही खाली पडू न देता. जाईचे एक फूल त्या तळहाताच्या रेषांवर फिरले, फिरले, आणि स्थिरावले.

मग तिने रिकामी वाटी बाजूला ठेवली. आपले दोन्ही चिमुकले हात सामलीच्या ओंजळीखाली धरले, आणि ते पाणी वर, अलगद वर, सामलीच्या ओठांकडे उचलले.