उदबत्तीचा मान

चारुताने फोनवर सांगितलं ते इतक्या सहज आवाजात, की सुचित्राला आधी वाटलं, पोरगी हॉस्टेलच्या जेवणाबद्दलच काहीतरी बोलतेय. कॉलेजातल्या व्हिएतनामी मुलांच्या मंडळाचं अध्यक्षपद तिला मिळणार नव्हतं. आधीचा अध्यक्ष इंटर्नशिपसाठी टेक्ससला निघून गेला होता. अशा वेळी उपाध्यक्षाने पुढे यायचं हा तिथला शिरस्ता, आणि उपाध्यक्ष चारुता होती. पण कमिटीने मीटिंग घेतली आणि काइल नावाच्या, व्हिएतनामी घरातल्या पण जेमतेम वर्षभरापूर्वी मंडळात आलेल्या मुलाला बसवलं.

"इट्स ओके, आई," चारुता म्हणाली. "तेतच्या, म्हणजे त्यांच्या न्यू इयरच्या प्रोग्रामला प्रेसिडेंट स्टेजवर पूर्वजांना उदबत्ती लावतो, सगळ्यांच्या वतीने. ते मी केलं तर थोडं ऑड दिसेल, असं त्यांना वाटलं."

सुचित्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे सगळं सुरू झालं तेव्हा सगळ्यात जास्त तोंड तिनेच वाजवलं होतं, हे ती सोयीस्कर विसरली. पहिल्या वर्षी रूममेट लिन्हबरोबर चारुता तिथे फुकटचं फो, म्हणजे त्यांचं शेवयांचं सूप, खायला गेली आणि तिथलीच झाली, तेव्हा आपल्यात काय कमी आहे म्हणून हे परके सण डोक्यावर घ्यायचे, असं सुचित्राने बेलव्ह्यूच्या घरात महिनाभर ऐकवलं होतं. चारुदत्त, म्हणजे तिचा नवरा, तेव्हाही पेपर वाचत होता आणि आताही वाचत होता.

पण पोरीने जीव लावून केलं होतं हे खरं. लिन्हच्या आजीकडे जाऊन ती केळीच्या पानात चिकट भात बांधायला शिकली. त्यांची भाषा शिकली. ती भाषा म्हणजे एकाच शब्दाला सहा चाली, आणि चाल चुकली की अर्थाचं वाटोळं. पण त्या आजीशी लिन्ह इंग्रजीत बोलायची आणि चारुता व्हिएतनामीत. हॉल बुक करणं, दिवे लावणाऱ्याशी हुज्जत घालणं, नाचाच्या तालमी घेणं, सगळं हिच्या अंगावर. आणि उदबत्ती लावायची वेळ आली तेव्हा हिचे पूर्वज कोण, ही चौकशी निघाली.

सुचित्राने विचारलं, लिन्ह त्या मीटिंगमध्ये होती की नाही. होती, चारुता म्हणाली. मग काय बोलली? चारुता म्हणाली की लिन्ह काही बोलली नाही, तिला ऑकवर्ड झालं असेल.

"तुझी मैत्रीण ना ती? तुझ्या ताटात जेवते. आणि गप्प बसली?"

"सगळे गप्पच होते, आई."

तेतच्या कार्यक्रमाला सुचित्रा मुद्दाम गेली, तीही चांगली काठपदराची साडी नेसून, वरून पाऊस भुरभुरत असताना. पहिल्याच रांगेच्या कडेला जागा मिळाली. पडदा वर गेला. स्टेजवर लाल कापड घातलेलं टेबल, त्यावर फळं, फुलं, भाताचे ते पानातले पुडे. काइल रेशमी झग्यात आला, उदबत्ती लावली, तीनदा वाकला आणि कागदावरून व्हिएतनामीत भाषण वाचू लागला. प्रत्येक शब्दाला ठेचकाळत होता बिचारा. हॉलमधल्या म्हाताऱ्या मंडळींनी तरी डोळे पुसले.

ते भाषण चारुताने लिहिलं होतं. उच्चार जमावेत म्हणून त्याला ते इंग्रजी स्पेलिंगमध्ये उतरवून देऊन दोन आठवडे घोटून घेतलं होतं. हे सुचित्राला लिन्हकडूनच कळलं, कार्यक्रमाआधी दारात, आणि लिन्हने ते अशा कौतुकाने सांगितलं की तिच्या एक ठेवून द्यावी असं सुचित्राला वाटलं. चारुता या वेळी विंगेत उभी होती. तिचा अर्धाच चेहरा दिसत होता, आणि काइल वाचेल तसे तिचे ओठ हलत होते. सुचित्राला ते बघवेना. तिने मान खाली घातली आणि तिला रडू आलं, खरंखुरं.

कार्यक्रम संपल्यावर काइलची आई येऊन भेटली. फार गोड बाई. तुमच्या मुलीशिवाय यांचं पान हलत नाही, म्हणाली, ती अगदी आमच्या घरचीच आहे. सुचित्रा हसली आणि थँक यू म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

चारुताला घरी नेताना गाडीत मात्र तिने तोंड सोडलं. घरची म्हणे. राबायला घरची आणि मानाला परकी. रक्त बघतात हे लोक, काम बघत नाहीत, आणि वर गोड बोलतात. चारुता खिडकीबाहेर बघत ऐकून घेत होती. पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "आई, आपल्या मंडळात नेक्स्ट मंथ लावण्यामावशी प्रेसिडेंट होणार ना?"

लावण्या विजयवाड्याची. इंजिनिअरिंग पुण्यात झालं, तिथे मराठी शिकली, आणि इकडे आल्यावर शेजारणीबरोबर एकदा मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला आली ती आलीच. कित्येक वर्षं सचिव. मखर तिच्या गॅरेजमध्ये बनायचं, मराठी शाळेची मुलं ती सांभाळायची, चारुताला लेझीम तिनेच शिकवलं. आणि सचिव पुढे अध्यक्ष होतो, हा इथलाही शिरस्ता.

"अर्थात," सुचित्रा म्हणाली. "मीच तिचं नाव सुचवणार आहे."

"प्रॉमिस?"

"हो गं. मी काय लिन्ह आहे?"

चारुता तेव्हा हसली, त्या संध्याकाळी पहिल्यांदाच.

मंडळाची सभा लायब्ररीच्या हॉलमध्ये झाली. चहा, वडे, वर्षाचा अहवाल. अहवाल अर्थात लावण्यानेच वाचला. मग अध्यक्षपदाचा विषय निघाला आणि शशिकांतकाका उठले. काका रिटायर्ड डॉक्टर, मंडळ स्थापन करणाऱ्यांपैकी, त्यांचा शब्द कोणी मोडत नाही. त्यांनी आधी लावण्याची तोंड भरून स्तुती केली. ती ऐकतानाच पुढे काय येणार ते सुचित्राला कळलं.

लावण्या आपल्या घरचीच आहे, काका म्हणाले. पण गणपतीला पूजेला अध्यक्ष बसतो. संकल्प तो सोडतो, सगळ्या मराठी माणसांच्या वतीने. तिथे आपल्यातलं कोणी असलेलं बरं दिसतं, इतकंच. मन कोणाचंच दुखवायचं नाही. "मी सुचित्राचं नाव सुचवतो," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं.

आता बोलायचं होतं. वाक्य तिने घरून तयार करून आणलं होतं, गाडीत दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. लावण्या समोरच बसली होती, अहवालाचे कागद सारखे करत, आणि वर बघत नव्हती. पण सुचित्राला त्याच क्षणी दुसरंही काही दिसलं. पैठणी नेसून चौरंगासमोर बसलेली ती, शेजारी सोवळ्यातला चारुदत्त, आणि मागे सगळं बेलव्ह्यू आणि शेजारचं रेडमंड हात जोडून उभं. एवढी वर्षं मोदकच वळले ना तिने तरी? तिला का नको होता मान? खोटं कशाला बोला, तिला तो फार हवा होता, आणि हवा आहे हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. भरीला काकांचा शब्द. त्यांना सगळ्यांसमोर आडवं कसं जायचं?

"सगळ्यांची इच्छाच असेल तर..." ती म्हणाली.

पहिली टाळी लावण्याने वाजवली.

सभा संपल्यावर लावण्या स्वतःहून जवळ आली. मखराचं सामान या वर्षीही माझ्याच गॅरेजमध्ये राहू दे, तुला कुठे जागा आहे, म्हणाली. अभिनंदनही केलं, अगदी शुद्ध मराठीत. सुचित्राने तिचा हात घट्ट धरून ठेवला आणि तुझ्याशिवाय मला काही जमायचं नाही, असं दोनदा सांगितलं. लावण्याने हात हळूच सोडवून घेतला, कारण तिला खुर्च्या उचलायच्या होत्या.

चारुताचा फोन आला तेव्हा सुचित्रा अजून पार्किंगमध्येच होती. तिने सगळं सांगितलं. काकांचं वय, ऐन वेळची अडचण, लोकांचा आग्रह, आणि पुढच्या वर्षी लावण्याचं नक्की करू, हेही. आई थांबल्यावर चारुताने फक्त विचारलं की लावण्यामावशी काय म्हणाली.

"काही नाही गं. उलट तिनेच आधी टाळ्या वाजवल्या. तिला काही वाईट वाटलं नाही."

"हो," चारुता म्हणाली. "काइलला मीही वाजवल्या होत्या. आम्ही वाजवतो, आई."

आणि मग, परक्या बाईशी बोलावं तशा अदबीने, तिने इंग्रजीत आईचं अभिनंदन केलं.