सोबीतले झेंडे

एरोस्कोबिंगच्या धक्क्यावर फेरीबोटीतून उतरल्यानंतर एगॉन जे पहिलं वाक्य बोलला तेच खोटं होतं.

खोली भाड्याने देणाऱ्या डाग्नीबाईंनी दार उघडलं, त्याला बुटांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कुठले म्हणायचे तुम्ही?"

"एस्बिअर्गचा. बेट बघायला आलोय."

एस्बिअर्गचा हे निम्मं खरं होतं. गेली वीसेक वर्षं तो तिथल्या मासळीच्या लिलावात प्रतवारी करत होता. हा पहिल्या नंबरचा, हा दुसऱ्या, हा मांजरांना. नुकताच निवृत्त झाला होता, पण डोळ्यांची सवय सुटली नव्हती. बेट बघायला मात्र तो मुळीच आला नव्हता. याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला, सोबीत, तो जन्मला होता आणि निम्मं आयुष्य तिथेच त्याने जाळी ओढली होती. पण एरोस्कोबिंगच्या माणसांनी सोबीच्या माणसांकडे कधी धड बघितलेलंच नसल्यामुळे ओळखलं जायची भीती नव्हती.

त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात एक कार्ड होतं. पुतणी रागनहिल्डने लिलावाच्या पत्त्यावर पाठवलेलं. "बाबा शनिवारी पंचाहत्तर वर्षांचे होतायत. गावच्या सभागृहात दुपारचं जेवण आहे. काका, या. येणार की नाही तेवढं कळवा."

त्याने कळवलं नव्हतं. आमंत्रणाला उत्तर न देणं म्हणजे या मुलखात जवळजवळ शिवीच. पण हो म्हटलं तर जावं लागेल, नाही म्हटलं तर जाता येणार नाही, आणि एगॉनला दोन्ही वाटा उघड्या हव्या होत्या. म्हणून शनिवारच्या जेवणासाठी तो सोमवारीच येऊन बेटाच्या चुकीच्या टोकाला उतरला होता.

भांडण बोटीवरून झालं होतं. वर्नर थोरला, एगॉन धाकटा, आणि दोघांत मिळून एक बोट, कारेन-सोफी. समुद्रात मासा कमी आणि बोटी जास्त झाल्या तेव्हा सरकारने बोट मोडीत काढणाऱ्याला भरपाई द्यायला सुरुवात केली. वर्नर एगॉनला न विचारता सही करून आला. अट अशी की बोट विकायची नाही, नुसती बांधून ठेवायची नाही, ती मोडायचीच. यंत्राच्या जबड्याने किनाऱ्यावर कारेन-सोफीच्या फासळ्या मोडल्या, तेव्हा सगळं गाव खिशात हात घालून बघत उभं होतं. दुसऱ्या दिवशी एगॉन बेट सोडून जाणाऱ्या फेरीबोटीत बसला.

आता त्याला माफी नको होती. सोबीत माफी मागायची रीत नाही. तिथे पुरुष शेजारी शेजारी बसतात, बोटभर उंचीच्या पेल्यातून कडू दारू घेतात, समोर बघतात, आणि पेला रिकामा झाला की प्रकरण मिटलेलं असतं. एगॉनला वर्नरच्या शेजारी तसं एकदा बसायचं होतं. एवढंच. पण एवढ्यासाठीही आधी सभागृहाचं दार ढकलावं लागतं.

तोवर त्याने गावांची प्रतवारी केली. एरोस्कोबिंगला पहिला नंबर देणं भाग होतं, पण त्याने तो कुरकुरत दिला. बुटकी बुटकी घरं, भिंतींना टेकलेली उंच स्टोकरोझची फुलझाडं, दर दाराला वेगळा रंग. सगळं इतकं घासूनपुसून ठेवलेलं की इथे कधी कुणी मासा चिरला असेल यावर विश्वास बसू नये.

"आमच्या गावात शंभर वर्षांत काही बदललेलं नाही," डाग्नीबाई कौतुकाने म्हणाल्या.

"घडलंही नसेल काही," एगॉन म्हणाला.

"तुमच्याकडे काय घडतं मोठं?"

"वास येतो."

बाई हसल्या आणि त्याच्या कपात कॉफी ओतली. शेजारी स्थानिक वर्तमानपत्र ठेवलं होतं. एगॉनने ते उघडलं नाही. पंचाहत्तरीच्या माणसावर त्यात चार ओळी छापून येतात, फोटो येतो; सोबीच्या बंदराचा आधारस्तंभ वगैरे वाचायची त्याची तयारी नव्हती. त्याने पेपर घडीसकट बशीखाली सारला.

"वाचत नाही का तुम्ही?"

"मी पाहुणा माणूस. मला काय कळणार कोण कोणाचं ते."

बुधवारी तो बेटावरच्याच मार्स्टाल गावी गेला. मार्स्टालवाल्यांना अजून वाटतं की सगळे महासागर त्यांच्याच धक्क्यापासून सुरू होतात. ज्याचा पणजोबा केप हॉर्नला वळसा घालून आला तो नातू आता पाहुण्यांना आइस्क्रीम विकतो, पण विकतो कप्तानाच्या रुबाबात. एगॉनने त्यांना दुसरा नंबर दिला; माल चांगला, पण जुना. तो धक्क्यावर हिंडला, पोहण्याच्या जागेवरच्या लाकडी खोपट्यांच्या पायऱ्यांवर बसला, आणि कडू दारूची एक बाटली घेऊन दुकानदाराकडून तिला लाल फीत बांधून घेतली.

"वाढदिवस का?" दुकानदाराने विचारलं.

"भावाचा."

"जवळच राहतो?"

"तसा जवळच," एगॉन म्हणाला, आणि ते खरं होतं. बसने तासाभराचं अंतर. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. समुद्र ताटासारखा सपाट होता, वाऱ्याचा मागमूस नव्हता. एगॉनच्या पायांना मात्र कसलीतरी भरती-ओहोटी लागली होती. ते त्याला रोज सकाळी सोबीच्या बसच्या थांब्यापर्यंत नेत आणि परत आणत.

शनिवारी सकाळी तो सभ्य कपडे घालून, लाल टाय लावून बेकरीत बसला. अकराची बस गेली ती त्याने काचेतून पाहिली. अजून एक पेस्ट्री मागवली. मग बारा वाजता, आता नाही तर कधीच नाही असं मनाशी म्हणून, तो पुढच्या बसमध्ये चढला.

ड्रायव्हर नवा होता, मुख्य भूमीवरून बदलून आलेला, आणि बोलायला टपलेला.

"सोबीला कोणाकडे?"

"आहे एक जेवण."

"मग बरोबर. आताच तिकडून येताना पाहिलं. सगळ्या रस्त्याला झेंडे. कोणीतरी मोठं माणूस दिसतंय."

एगॉनने मांडीवरच्या बाटलीची फीत नीट केली. बस उतारावरून गावात शिरली तेव्हा त्याने स्वतःच पाहिलं. अंगणाअंगणातल्या पांढऱ्या काठ्यांवर लाल झेंडे अगदी टोकापर्यंत चढवलेले. वारा नसल्यामुळे लोंबत होते, पण टोकावरच. शेजाऱ्याच्या वाढदिवसाला सगळी गल्ली झेंडा चढवते; वर्नरसाठी सगळ्या गावाने चढवला होता. बोट मोडणाऱ्या माणसाला एवढा मान. एगॉनला किंचित असूया वाटली, आणि असूयेच्या आडून प्रेम वर आलं. सोबीला त्याने काही नंबर दिला नाही. घरच्या मालाची कोणी प्रतवारी करत नाही.

सभागृहाच्या दाराशी त्याने टाय सरळ केला. आत लांब टेबलं, भाजलेल्या डुकराच्या मांसाचा वास, उकडलेले बटाटे, तपकिरी रस्सा. माणसं जेवत होती, बोलत होती, कोपऱ्यातले दोघे-तिघे हळूच हसतही होते. बहुतेकांच्या अंगावर काळे कोट. सोबीतल्या माणसाकडे एकच कोट असतो, तो लग्नालाही आणि इतर सगळ्यालाही, हे एगॉनला ठाऊक होतं. त्याला हसू आलं. वर्नर कुठे दिसेना. गेला असेल बाहेर सिगारेट ओढायला. एगॉनने बाटली छातीशी धरली, घसा खाकरला, आणि वीस वर्षांत काढला नव्हता असा मोठा आवाज काढून म्हणाला,

"वाढदिवसाच्या शुभेच्छा."

काटेचमचे थांबले. सगळ्यात आधी म्हातारा होल्गर, जुना शेजारी, अर्धा उठून परत बसला. कोणीतरी मुलाला "गप्प" म्हणालं, मूल काही बोललंच नव्हतं तरी. मग टेबलाच्या टोकाकडून गुड्रून, वर्नरची बायको, हात पुसत त्याच्याकडे आली. तिने त्याच्या लाल टायकडे पाहिलं, बाटलीच्या फितीकडे पाहिलं, आणि त्याचं कोपर धरून त्याला स्वयंपाकघरात नेलं.

"तुला कळलं नाही," ती म्हणाली.

"काय?"

"एगॉन, तो गेला. मागच्या आठवड्यात, शुक्रवारी. वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होता."

एगॉन म्हणाला, "पण झेंडे वर आहेत, वहिनी."

"आता वर आहेत. सकाळी निम्म्यावर होते. मातीत ठेवून झालं की वर नेतात ना. विसरलास?"

तो विसरला नव्हता. लहानपणी दोघा भावांनीच कितीदा ती दोरी ओढली होती. दफन होईपर्यंत झेंडा निम्म्यावर, ते उरकलं की टोकाला. मधली वेळ चुकली तर मेलेल्या माणसाचा झेंडा आणि वाढदिवसाचा झेंडा सारखाच दिसतो.

"आजच का?" त्याने विचारलं. एवढंच सुचलं.

गुड्रून ओट्याला टेकली. "सभागृह घेतलेलं होतं. मांस सांगितलेलं होतं. माणसांनी दिवस मोकळा ठेवला होता, रागनहिल्डचे सासरचे तर आधीच निघालेले. म्हटलं, पुन्हा सगळ्यांना कशाला त्रास. त्याला हे पटलं असतं."

"त्याला पटलंच असतं," एगॉन म्हणाला. न विचारता ठरवणारा माणूस. पण ते शब्द त्याने आतच ठेवले.

"लिलावात फोन केला आम्ही सोमवारी. म्हणाले, तो आता कामाला नाही, घरी निरोप पोचवतो."

"मी घरी नव्हतो."

"वर्नरने शेवटपर्यंत रोज विचारलं, एगॉनचं उत्तर आलं का. मी म्हणायचे, नाही आलं. तो म्हणायचा, नाही म्हणाला नाही ना, मग त्याला धर जेवणाला." तिने हाताने पदार्थांकडे खूण केली. "मी नंतर जेवणाऱ्यांचा आकडा सांगताना एकच कमी केला. वर्नरचा. तुझं ताट आहे."

एगॉनने बाटली ओट्यावर ठेवली. फीत सुटली होती.

"शवपेटीला खांदा द्यायला तुझी जागाही ठेवली होती," गुड्रून खालच्या आवाजात म्हणाली. "पुढची, डाव्या हाताची. रागनहिल्डने हट्टच धरला, काका येतील. घंटा सुरू झाली तरी थांबलो. पाद्रीबुवा घड्याळ बघायला लागले, मग होल्गर पुढे झाला. त्याचा खांदा कसा आहे तुला माहितीय. सकाळची फेरी बघायला पोरं धक्क्यावर गेली होती. तू कोणत्या फेरीने आलास?"

इथे खोटं बोलायला हरकत नव्हती. पाच दिवसांत त्याला चांगली सवय झाली होती. पण खोटं बोलायला समोर वर्नर तरी हवा होता.

"सोमवारच्या," एगॉन म्हणाला.

"या सोमवारच्या?"

"एरोस्कोबिंगला होतो. मग मार्स्टालला. अकराची बस माझ्या डोळ्यांसमोरून गेली. मी बेकरीत बसलो होतो."

बाहेर कोणीतरी खुर्ची सरकवली. गुड्रूनने ओढणीसारखा खांद्यावर टाकलेला टॉवेल काढला, त्याची नीट घडी घातली, पुन्हा उलगडली. तिच्या तोंडाशी जे आलं ते तिने गिळलं. तेवढं एगॉनने ओळखलं, कारण ते नेमकं काय असेल हे त्यालाही माहीत होतं.

"हे आणखी कोणाला सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस. रागनहिल्डला तर नकोच."

तिने ताट घेतलं, मांसाचे दोन तुकडे वाढले, बटाटे वाढले, वर रस्सा ओतला, आणि पुढे चालू लागली. एगॉन मागून. सभागृहात शिरताना ती कोणाचंच नाव न घेता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली,

"फेरी चुकली बिचाऱ्याची."

"चुकते," होल्गर लगेच म्हणाला.

"हल्ली काही भरवसाच नाही," दुसऱ्या टेबलावरून एक बाई म्हणाली. "माझ्या बहिणीचंही तसंच झालं."

"आणि वारा सुटला की संपलंच," तिसरा म्हणाला.

सगळ्यांनी माना हलवल्या. खिडकीबाहेर पाणी सकाळपासून हललेलं नव्हतं, आणि ते सगळे त्या खिडकीसमोरच बसलेले होते.

रागनहिल्ड उठली, त्याच्या गालाला गाल लावला आणि म्हणाली, "काका, निदान निघालात तरी. बाबांना तेवढं पुरलं असतं." एगॉनने मान हलवली. होल्गरने दुखऱ्या खांद्याने थोडं वळून बाकावर जागा केली, आणि मोहरीची वाटी त्याच्याकडे सरकवली.

एगॉन बसला. मांस गार झालं होतं. तो सगळं खात गेला, रस्सा पावाने पुसून घेतला, आणि गुड्रूनने न विचारता पुन्हा वाढलं तेव्हा तेही खाल्लं.