दर्भाचा बा

कोंबडीच्या पोट्यांतून, म्हणजे जठरांतून, मायोसिन काढायचं, हे माझं १९९० सालचं काम. कळव्याच्या खाटकाकडून दोन किलो पोटे घेऊन मी नौपाड्यातल्या प्रयोगशाळेत जायचे, तेव्हा रिक्षावाले नाक मुरडायचे. मायोसिन म्हणजे स्नायू ओढणारं प्रथिन. त्याला फॉस्फेट चिकटवून कामाला लावतं ते कायनेज. आणि हे कायनेज भलतंच बावळट! अख्खं मायोसिन ते बघतच नाही. प्रथिनाच्या माळेत सेरीन नावाच्या मण्याआधी तिसऱ्या जागी आर्जिनिनचा मणी आहे ना, अशा दोन-चार खुणा चाचपतं. तेवढ्याच खुणांचा छोटा तुकडा बनवून दिला, तरी त्यालाच मायोसिन समजतं. आर्जिनिन एक घर सरकवा, की ढुंकून बघत नाही. मला त्याचं हसू यायचं.

माझा बा, परशुराम, त्याच्या दोन वर्षं आधी खाडीत मासेमारीला गेला होता. होडी सापडली, तो नाही. आये रोज भरतीला धक्क्यावर जाऊन बसायची. अन्न सुटलं होतं, नुसती हाडं उरली होती. शेवटी बाचा धाकटा भाऊ काळुकाका म्हणाला, "सरू, दर्भाचा पुतला करून अग्नी देऊ. ती एकदा रडली पायजे, नायतर ती पन जाईल." मला पटलं.

पुतळा मी सजवला, आणि तिथंच घोळ झाला. नारळाचं डोकं, त्यावर बाची लाल टोपी, अंगात त्याचा सदरा, गळ्यात रुमाल. बा डावखुरा, म्हणून गाठ डाव्या कानाखाली. भटजी म्हणाले, एवढं कशाला? मी ऐकते थोडीच.

आये अंगणात आली आणि थबकली. "आयलास रं?" म्हणाली. शेजारी बसून तिनं त्याची बाही सारखी केली. भात मागितला. एक घास स्वतः खाल्ला, एक नारळाला लावला. मग कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी मान डोलवत राहिली, मध्येच हसली. आम्हा कुणालाच त्या गवताकडे बघवेना. काका पुतळा उचलायला वाकला, तर ती किंचाळली, "जित्त्याला जालता?"

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. मग डोक्यात प्रयोगशाळा आली. खूण एक घर सरकवायची, बस! आये त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेली, तेवढ्यात मी गाठ सोडून उजव्या कानाखाली बांधली. दर्भाची मान बोटांना कोमट लागली. ऊन होतं, लागणारच.

आये तांब्या घेऊन आली. पुतळ्याकडे बघताना तिचा चेहरा विझला.

"यो कोन?"

"गवत हाय, आये."

"मग न्या."

काकानं अग्नी दिला. आये रडली नाही. "कुनाचा होता गो बिचारा?" तिनं विचारलं. मी मात्र हंबरडा फोडला. मला तो ओळखू येत होता, गाठ कुठंही असो. तिला रडायची एकच वेळ आली होती, ती मी माझ्या शहाणपणानं घालवली.

परक्याच्या मयताला आल्यासारखी आये माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. मग भरतीची वेळ झाली म्हणून उठली आणि धक्क्याकडे चालू लागली.