वळ्ळियम्माच्या लॉरीखालचं तेल

नामक्कलमध्ये घरं कमी आणि लॉऱ्या जास्त, आणि लॉऱ्यांपेक्षाही मिस्त्री जास्त. त्या सगळ्यांत ज्यांनी बांधलेल्या इंजिनाखाली तेलाचा थेंब पडत नाही, असे मिस्त्री म्हणजे आमचे हे. लोक त्यांना नाचिमुत्तू मिस्त्री म्हणतात. मी नाव घेत नाही. त्यांच्या हाताचा लौकिक असा, म्हणूनच वळ्ळियम्माच्या लॉरीचं सील दोनदा बदलूनही गळायला लागलं, तेव्हा मी सरळ हिशेब मांडला. ज्याला गळती बंद करता येते आणि तरी ती बंद होत नाही, त्याला ती बंद करायचीच नाहीये.

माझ्या जागी कुणीही हाच हिशेब मांडला असता. वळ्ळियम्मा विधवा. नवऱ्यामागे तिने अंड्यांचा धंदा सोडला नाही. तिची लॉरी अंडी घेऊन केरळात जाते. माझ्याहून वयाने लहान, अंगाने शेलाटी, बोलायला हळू. हळू बोलणाऱ्या बायकांचा मला पहिल्यापासून राग येतो. यांना ती अण्णा म्हणायची. तोंडाने अण्णा म्हणायला काय जातं?

आणि लॉरी आमच्या शेडमध्ये आणायची नाही. आमच्याकडे खड्डा आहे, जड भाग उचलायला चेनब्लॉक आहे. क्रँकचं मागचं सील बदलायचं म्हणजे आधी गिअरबॉक्स उतरवा, क्लच काढा, फ्लायव्हील काढा, तेव्हा कुठे ते रबराचं कडं दिसतं. एवढा सगळा खटाटोप हे तिच्या वखारीत, अंड्यांच्या ट्रेंच्या थप्प्यांमध्ये लोळून करायचे. का, असं विचारलं तर म्हणाले, लॉरी हलवली की तिच्या मालाची खोटी होते. खोललेल्या लॉरीतून माल कसला जातोय, हे मी विचारलं नाही. उत्तर खोटंच मिळालं असतं.

घरची कॉफी अर्धी टाकायला लागले. उष्ण पडते म्हणायचे. तिच्याकडे मात्र स्टीलच्या फ्लास्कमधून कॉफी यायची आणि ती शेवटच्या घोटापर्यंत संपायची. ही बातमी मला तिच्या वखारीसमोरच्या चहावाल्याने दिली. तो यांना म्हणाला होता, "मुरुगन देवाला बायका दोन, एका बाजूला देवानै, दुसऱ्या बाजूला वळ्ळी. मिस्त्री, तुम्ही तर थेट देवाच्याच ओळीत जाऊन बसलात." माझं नाव देवानै. सगळे हसले, हेही हसले, असंही त्यानेच सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी मी भांडी घासली की आपटली, ते शेजारणीला विचारा.

माझे वडील संकगिरीला लेथवर काम करायचे. मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून त्यांनी तासलेल्या दांड्यांवर नख फिरवून सांगायची, गुळगुळीत झाली की नाही. तेव्हा सील का गळतं, हे मला कुणी शिकवायला नको. जुन्या सीलचा ओठ एकाच जागी घासून घासून लोखंडात बारीक चर पाडतो. नवं सील नेमकं त्या चरावर बसवलं की तेल वाट काढणारच. दुसऱ्यांदा गळलं तेव्हा मी जेवायला वाढता वाढता विचारलं होतं, शाफ्टला चर पडलाय का? त्यांनी ताटातून मान वर केली नाही. म्हणाले, "नख फिरवून बघितलंय मी. कोरा आहे."

इंजिनाचा श्वास कोंडून तेल ढकललं जात असेल म्हणून त्यांनी ब्रीदर साफ केला होता, सील दुसऱ्या कंपनीचं आणून बसवलं होतं. पण चर नाही म्हणजे नाही. यांच्या नखावर अख्खं नामक्कल डोळे मिटून विश्वास ठेवतं, मीही ठेवायची. मग लॉरीत खोट नाही, सीलमध्ये खोट नाही, तर खोट राहिली कुठे?

तिसऱ्यांदा ते पेटी उचलून निघाले, तेव्हा मी डब्यात डाळ-तांदळाचा भात भरला आणि थोड्या वेळाने मागोमाग गेले. डबा आपला निमित्ताला. तिला काय बोलायचं, यांना काय बोलायचं, सगळं रस्ताभर पाठ करत होते.

वखारीचं दार उघडंच होतं. लॉरीखाली पोतं अंथरून हे कुशीवर झोपले होते. वळ्ळियम्मा त्यांच्याजवळ उकिडवी बसून पार आत वाकली होती. आणि तिने माझ्या नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. पाठ केलेलं एक अक्षर आठवलं नाही. डबा तिथेच टाकून मी म्हणाले, "सोड. सोड तो हात, माझा आहे तो."

तिने सोडला नाही. दचकलीसुद्धा नाही. "अक्का, आधी हे बघा," म्हणाली आणि तो हात उताणा करून माझ्यापुढे धरला.

दोन बोटांची कातडी पांढरी पडून टरारून फुगली होती. बाजूला जाळीचा दिवा पेटलेला, हात लावला तर चटका बसेल असा तापलेला. बोटं त्याला टेकली होती, आणि ती टेकली आहेत हे त्यांना कळलंच नव्हतं. मनगट धरून हात तिने ओढला होता.

मी यांच्याकडे पाहिलं. चोर सापडला होता खरा, पण मी पकडायला आले होते ती चोरी ही नव्हती. शेजारी तो फ्लास्क होता. मी झाकण काढून एक घोट घेतला. कॉफीत साखर नव्हती.

"कधीपासून?" मी विचारलं.

सांगितलं तिनेच. पहिल्यांदा सील बदलताना यांचा अंगठा कापला होता, आणि रक्त कुठून येतंय म्हणून हे इंजिनाकडे बघत होते. तिचा नवरा शुगरनेच गेला. त्याच्या पायांचं आणि मग बोटांचंही असंच झालं होतं. तिने ओळखलं. तिने दवाखान्यात नेलं, गोळ्या तिच्याकडे ठेवल्या, आणि यांनी तिच्याकडून वचन घेतलं की कुठे बोलायचं नाही. मिस्त्रीची बोटं मेली हे कळलं तर शेडसमोर सायकलसुद्धा उभी राहणार नाही, म्हणून हे काम शेडमध्ये चार डोळ्यांसमोर नको होतं. आणि देवानैला कळलं म्हणजे गावाला कळलं, असंही ते म्हणाले होते. तेही तिने हळू आवाजातच सांगितलं.

संशय माझ्या मनातून तिथल्या तिथे गेला. मत्सर गेला नाही, उलट दुप्पट झाला. ज्या हाताला मी रोज ताट देते, तो हात मेलेला मला दिसला नाही. हिला एका दुपारी दिसला. हिने माझा नवरा चोरला असता तर मी झिंज्या तरी धरल्या असत्या. याचं काय करायचं?

काही सुचेना म्हणून पदर खोचला आणि लॉरीखाली शिरले. शाफ्ट पुसला, नख आडवं फिरवलं. जुन्या सीलच्या जागी नख अडकलं. चर होता, चांगला खोल.

त्यांचा न भाजलेला हात ओढून मी त्यांचं नख त्या चरावर ठेवलं आणि फिरवलं. "लागतंय?"

त्यांनी डोळे मिटले. पुन्हा स्वतःच फिरवलं, पुन्हा एकदा. मग म्हणाले, "नाही गं."

लग्नापासून या माणसाच्या तोंडून इंजिनाबाबत 'नाही' मी ऐकलं नव्हतं. मला रडू येत होतं, पण तिच्यासमोर रडायचं नव्हतं. मी म्हणाले, "हरकत नाही. मला लागतंय. कसं बसवायचं ते सांगा."

मग ते सांगत गेले आणि मी करत गेले. खोबण कापडाने स्वच्छ केली, ओठाला तेलाचं बोट फिरवलं. सील जुन्या जागेपेक्षा किंचित अलीकडे धरलं, म्हणजे ओठ चर सोडून कोऱ्या लोखंडावर टेकतो. वर जुन्या बेअरिंगचं कडं ठेवून हलके ठोके दिले, एक इकडे, एक समोर, तिरकं जाऊ नये म्हणून. दर वेळी ते विचारत, कड सारखी लागते का, आणि मी बोट फिरवून सांगे. दिवा वळ्ळियम्माने धरला होता. यांच्यापासून लांब.

लॉरी पालक्काडला जाऊन आली. इंजिनाखाली आम्ही अंड्यांचे रिकामे कागदी ट्रे पसरून ठेवले. कागद कोरडा निघाला.

तेव्हापासून मी रोज शेडमध्ये जाते. बिनसाखरेची कॉफी नेते आणि तिथेच बसते. शाफ्ट उघडा झाला की हे कुणाला ना कुणाला काही आणायला पाठवतात, तेवढ्यात मी नख फिरवून घेते. यांची नजर शाबूत आहे, डोकं शाबूत आहे, बोटं माझी. आमच्याकडून गेलेली एकही लॉरी परत गळत आलेली नाही.

लोकांनी याचा अर्थ लावलाच. वळ्ळियम्माच्या वखारीत काहीतरी सापडलं, आता देवानै नवऱ्याला डोळ्यांआड होऊ देत नाही, लॉरीखालीसुद्धा एकटं सोडत नाही. चहावाल्याने त्यात आपली भर घातली. मला काय, जळकी बाई म्हणाले तर म्हणाले. होतेच मी. पण शिंतोडे तिच्यावरही उडत होते. अंडी उचलणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या बायकोने तिला दारातून परत पाठवलं, हे कानावर आलं, तेव्हा मी तिच्याकडे गेले. म्हणाले, चौकात उभी राहून सांगते की तसलं काही नव्हतं.

ती ट्रे मोजत होती. मोजणं न थांबवता म्हणाली, "तसलं नव्हतं म्हणालात, तर मग शेडमध्ये कशाला बसता, हे विचारतील. काय सांगाल? बोलू देत त्यांना, अक्का. चार दिवस बोलतील."

आभार मानायला हवे होते, ते तोंडातून निघेनात. घरी येईपर्यंत आतून नुसती जळत होते. तिने यांचा हात धरलेला पाहिला तेव्हासुद्धा मी तिच्यावर एवढी जळले नव्हते.